राहीचा गुडघा

त्या वर्षी माझा परकर दोनदा उसवून लांब केला, तरी नडग्या उघड्याच राहिल्या. एकदा दिवाळीच्या तोंडावर आणि एकदा संक्रांतीला. दुसऱ्यांदा दोरा ओवताना आई म्हणाली, "घरात दाना न्हाई आन ही कशावर वाढतीया कुनास ठावं." तिचं खरं होतं. बहात्तरचा पाऊस आलाच नव्हता, विहिरीच्या तळाला वाटीनं खरवडून पाणी भरायला लागायचं, झाडांचा पाला कधीच जनावरांच्या पोटात गेला होता, आणि अशात मी मात्र वाढत होते. मला त्याची लाजच वाटायची. कुणीतरी दुसऱ्याच्या ताटातलं खावं तसं वाटायचं.

आमचं गाव म्हसवडपासून चार कोसांवर, माणदेशातलं. घरात आम्ही तिघी. आई विजयमाला, आजी साळूबाई आणि मी अंजना, तेव्हा चौदा वर्षांची. आजी म्हणजे आबांची आई. आबा पलटणीत होते, आसामच्या बाजूला. त्यांचं पत्र महिन्यानं यायचं आणि त्यात सगळ्यांना नमस्कार आणि पावसाची चौकशी एवढंच असायचं. बैलं जनावरांच्या चारा-छावणीवर बांधली होती. शेजारच्या बनाबाईचा नवरा स्वतःच्या बैलांबरोबर आमचीही बघायचा.

दुष्काळी कामावर आई आणि मी जायचो. रस्त्याची खडी फोडायची. उजाडायच्या आत भाकरी बांधून निघायचं, दीड कोस चालायचं आणि उन्हं वर यायच्या आत आपली जागा धरायची. दगड निसटू नये म्हणून त्याच्याभोवती चिंध्या गुंडाळलेलं कडं ठेवायचं आणि हातोडीनं ठोकत बसायचं. बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधायचे, तरी नखं काळी पडायचीच. गावातले पाटील आणि गावातले उघडेवाघडे, सगळे एका रांगेत. तोंडावर पांढरी भुकटी बसली की कोण कुठला ते ओळखू यायचं नाही. दुपारी सुकडीचं गोड पीठ मिळायचं, ते पदरात घेऊन खायचं आणि थोडं घरी न्यायचं. आई दोन बाप्यांच्या बरोबरीनं खडी फोडायची आणि मला दर घटकेला म्हणायची, "हात चालीव."

दुखायला लागलं ते पौषात. कामावरून आल्यावर, दिवेलागणीला. नडगीच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्याच्या मागं, दोन्ही पायांत. कुठं दुखतं म्हणून कुणी विचारलं तर बोट ठेवता यायचं नाही. वरून काही दिसायचं नाही, सूज नाही, लाली नाही. ओलं धुणं पिळावं तसं आतून कुणीतरी पिळायचं. मी वाकळेवर पाय आपटायची, पोटाशी घ्यायची, भिंतीला लावायची. मग कधीतरी झोप लागायची. सकाळी उठावं तर काहीच नाही. आडावर पळत जायची.

त्यामुळं आईचा विश्वास बसायचा नाही. "सांजंला दुखतं आन सकाळी पळतीस? आसलं कसलं दुखनं गं तुजं?"

"खरंच दुखतंय आयं."

"माजंबी दुखतंय. समद्या गावाचं दुखतंय. खडी फोडून कुनाचं दुखत न्हाई?"

आई वाईट नव्हती. तिला उठल्यापासून निजेपर्यंत दुखत होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून दुसऱ्यानं सांगितलेलं तिला सोसायचं नाही. आजही मला तिचा राग येत नाही.

आजीचं वेगळं होतं. पहिल्या संध्याकाळी मी 'गुडघा' म्हणाले तेव्हा ती चुलीपुढं पीठ मळत होती. तिचे हात परातीत थांबले. ती उठून आली, पिठाच्याच हातांनी माझे दोन्ही गुडघे चाचपले, एक दाबायचा, मग दुसरा दाबायचा, पुन्हा पहिला.

"उजवा जास्त दुखतुय का?"

"दोनी दुखत्यात."

"उजव्याला बग नीट. जास्त हाय का?"

"न्हाई गं आज्जे. सारकंच हाय."

"आन सकाळी? सकाळी उठल्यावर?"

"तवा न्हाई दुखत."

आजीनं श्वास सोडला. करडईचं तेल शिशीत तळाला उरलं होतं, देवाच्या दिव्यापुरतं. त्यातलं तिनं बोटावर घेतलं आणि माझ्या पायांना चोळलं. देव त्या दिवशी अंधारात राहिला. आई बघत होती.

त्यानंतर रोज सकाळी मला जाग यायची ती आजीच्या हातानं. वाकळेखाली हात घालून ती माझा उजवा गुडघा धरून बसलेली असायची. हात थंडगार. "दुखतंय का गं?" "न्हाई." मग उठायची आणि चूल पेटवायची. मी 'न्हाई' म्हणेपर्यंत घरात विस्तव व्हायचा नाही. सुरुवातीला मला त्याचं बरं वाटलं. आईपेक्षा आजीचा जीव जास्त, असं मी मनाशी धरलं.

राहीबद्दल मला बनाबाईनं सांगितलं. मला एक आत्या होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच मला माहीत होतं. घरात तिचं नाव कुणी काढायचं नाही. बनाबाई आणि राही बरोबरीच्या. खडीवर माझ्या शेजारीच बनाबाईची जागा असायची आणि हात चालू असला की तिचं तोंडही चालू असायचं.

"तुजी आज्जी तुला लय जपतीया आता. राहीला जपली आसती तर," ती म्हणाली.

"काय झालतं राहीआत्याला?"

"तुला न्हाई ठावं?" बनाबाईनं आई कुठं आहे ते बघितलं. आई पाणी प्यायला गेली होती. "गुडघा. उजवा. तुज्याच वयाची हुती. दुखतंय म्हनायची आन तुजी आज्जी म्हनायची, कामाला नगं म्हनून सोंग करतीया. शेंगा काडायचं दीस हुतं. कासऱ्यानं मारत रानात न्हेली तिला. म्या बगितलंय. मारलं की राही म्हनायची, न्हाई दुखत, न्हाई दुखत. आन लंगडत शेंगा काडायची. मग गुडघा हा एवडा झाला. नारळाएवडा. मग निजली ती निजलीच. होळीला गेली."

"आन आज्जी?"

"आज्जी काय. पंदरा दीस बोलली न्हाई. मग उटली आन कामाला लागली." बनाबाईनं कड्यातला दगड फिरवला. "आपुन मरनार ह्ये राहीला कळलं हुतं बग. म्हनली, आये, आता इस्वास बसला का?"

हे खरं म्हणाली का बनाबाईनं पदरचं घातलं, ते मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या पायात नुसतं दुखणं राहिलं नाही. संध्याकाळ झाली की मला वाटायचं, आता येईल. कणगीच्या बाजूच्या ज्या कोपऱ्यात मी निजत होते तिथंच राही निजून होती, असं मी धरून चालले. विचारायची सोय नव्हती. पायात पिळा पडायला लागला की मला दोन हात दिसायचे, माझ्याच वयाच्या पोरीचे, शेंगांच्या मातीनं भरलेले. मी डोळे मिटून म्हणायची, आत्या, मी काय केलंय तुला?

आजीही बदलत चालली होती. दोनदा तिनं मला राही म्हणून हाक मारली आणि तिचं तिलाच कळलं नाही. मी आणलेल्या सुकडीतली मूठभर ती रोज कौलाखाली आढ्याच्या खाचेत ठेवायला लागली. घरात पोटभर नव्हतं आणि ही सुकडी तिथं ठेवायची. आई एकदा म्हणाली, "आत्ती, जित्या मानसाला कमी पडतंया." आजी म्हणाली, "तिला तर तवाबी कमीच पडलं." एका सांजेला मला भूक आवरली नाही आणि मी ती मूठ खाल्ली. त्या रात्री पाय नेहमीपेक्षा जास्त दुखले. जास्त दुखले का मला तसं वाटलं, ते आता सांगता येत नाही.

माघ संपत आला तेव्हाची गोष्ट. मुकादम दादासो खडीचे ढीग मापून घ्यायचा. माणूस गावातलाच, आबांच्या बरोबर शाळेत असलेला. पण हातात माप आलं की माणसाची चाल बदलते. माझ्या ढिगापाशी तो उभा राहिला आणि पायानं चार दगड बाजूला केले.

"ही खडी म्हनायची का धोंडं? ह्येच्यावरनं मोटार न्हायाची का गाडवं?"

लोक हसले. त्यानं माझा ढीग पायानं उधळून दिला. "पुन्ना फोड समदं. उंची बग केवडी झालीया, तुजी आय तुज्या खांद्याला लागती आता, आन काम हे आसलं."

मी उभी राहिले तर परकर खरंच पिंढरीवर होता. सगळ्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. आईनं मान वर केली नाही, तिची हातोडी चालूच होती. दिवस मावळेपर्यंत मी तीच खडी पुन्हा फोडली. बोटावरची ट्यूब फाटली आणि अंगठ्याचं नख निघालं. घरी येताना आई म्हणाली, "दादासोचं चुकलं न्हाई." एवढंच म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाकळेखाली आजीचा हात आला. बाहेर आई रात्रीची भाकरी बांधत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. मला त्या ढिगापुढं जाऊन बसायचं नव्हतं. एक दिवस, एवढंच माझं मागणं होतं.

"दुखतंय का गं?"

"व्हय," मी म्हणाले.

आजीनं गुडघा घट्ट धरला. "सकाळीबी?"

"व्हय."

"कुठला?"

"उजवा." ती रोज उजवाच धरायची, म्हणून मी उजवा म्हणाले. दुसरं काही कारण नव्हतं.

आजी बाहेर गेली. तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. "तू जा कामावर. हिला न्हाई आज लावून द्यायची."

"आत्ती, ती सोंग करतीया," आई म्हणाली. "काल दादासो बोलला म्हनून."

"म्याबी आसंच म्हनली हुती."

आईनं भाकरीची गाठ आवळली असावी. मग म्हणाली, "गुरवारच्या बाजाराला म्हसवडला न्हेती डाक्टरकडं. तवर तेल लावा." आणि तिची पावलं अंगणातून लांब गेली.

मी कूस बदलली आणि डोळे मिटले. किती दिवसांनी उन्हं तोंडावर येईपर्यंत पडायला मिळालं होतं. चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला. मला वाटलं आजी काहीतरी करून घालतेय. हे लिहायला लाज वाटते, पण त्या घटकेला मी सुखात होते.

आजीचं माहेर बैलवाल्यांचं. बैलाच्या पायाला सूज आली, सांधा धरला, की गावात लोक आजीला बोलवायचे. ती तापलेल्या लोखंडानं डाग द्यायची. तिच्या बापानं तिला शिकवलं होतं आणि हात इतका सफाईचा की जनावर हंबरायच्या आत काम झालेलं असायचं. डागणी आमच्या घरी खुंटीला असायची, लांब दांड्याची, टोकाला चपटी. मी डोळे उघडले तेव्हा खुंटी मोकळी होती. दाराला आतून कडी होती.

"आज्जे, काय करतीस?"

"काय न्हाई बाळा. एकडाव सोसलं की झालं. मुळातनं जातंया."

मी उठून दाराकडं गेले. तिनं मला धरलं. पासष्टीची बाई, एका वेळेला खाणारी, पण बैल आडवा पाडायची सवय असलेली. तिनं माझ्या मांडीवर आपला गुडघा रोवला आणि माझं तोंड आपल्या पदरानं दाबलं.

"न्हाई दुखत आज्जे," मी पदरातून ओरडले. "न्हाई दुखत आता."

"तीबी आसंच म्हनायची," आजी म्हणाली. ती रडत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या नडगीवर पडलं ते मला कळलं.

मी 'न्हाई दुखत' म्हणाले. 'खोटं बोलले' असं म्हणाले नाही. त्या दोन्हींत किती फरक होता ते मला तेव्हा समजलं नाही, आणि समजलं असतं तरी वेळ उरली नव्हती. गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंनी दोन आणि वरून एक, असे तीन डाग तिनं दिले. बैलाला देतात तेवढे खोल.

संध्याकाळी आई आली आणि उंबऱ्यातच खाली बसली. माझ्याजवळ येऊन तिनं विचारलं, "खरंच दुखत हुतं का गं सकाळी?" मी भिंतीकडं तोंड केलं. खरं सांगितलं असतं तर आईनं मला मारलं असतं, आणि मला आता कुणाचा हात अंगाला लागायला नको होता.

पुढचं सगळं लवकर झालं. आता डाग दिलाय म्हणून आजीनं गुरुवारी मला म्हसवडला नेऊ दिलं नाही. उन्हाळा तापला. जखमेवर माश्या बसायच्या. आजी राख लावायची, हळद लावायची, कडुनिंबाचा पाला बांधायची. गुडघा सुजला. मग खरंच दुखायला लागलं, सकाळी, दुपारी, सदान्कदा. अंगात ताप राहायला लागला. गुडघा नारळाएवढा झाला तेव्हा आजी त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बग, हितंच हुतं. वर आलं." आईनं दादासो मुकादमाच्या हातापाया पडून पलटणीला तार करायला लावली. त्यानं ती केली, आणि म्हसवडहून गाडीही आणून दिली. माणूस अगदीच वाईट नव्हता.

आबा आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही, असं आई सांगते. त्यांनी मला उचलून मिरजेला नेलं. आजीही हट्टानं आली. मोठ्या दवाखान्यात दोनदा गुडघा चिरून पू काढला. महिनाभर मी तिथल्या लोखंडी खाटेवर होते आणि महिनाभर आजी खाटेखाली, फरशीवर. खाटेवरून मला नुसता तिचा हात दिसायचा, गज धरलेला.

घरी सोडायच्या दिवशी म्हातारे डॉक्टर आले. कानडी हेल काढून बोलायचे. त्यांनी गुडघ्याचा एक्स-रे फोटो खिडकीकडं धरला आणि आबांना सांगितलं, "पाय राहिला हेच नशीब. पण सांधा आतून धरला आहे. हा आता वाकणार नाही." आबांनी मान हलवली, हुकूम ऐकावा तशी. मग डॉक्टर आजीकडं वळले. "डाग का दिला, आजी?"

"माजी लेक ह्याच दुखन्यानं गेली जी," आजी म्हणाली.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. त्यांनी राहीचं सगळं विचारलं. कुठला पाय, सूज कधी आली, ताप होता का, दिवसा दुखायचं का. आजी सांगत होती. तिच्या तोंडून राहीचं नाव मी पहिल्यांदाच इतक्या वेळा ऐकत होते. आबा खिडकीतून बाहेर बघत उभे होते.

"तो हाडाचा आजार असणार," डॉक्टर म्हणाले. "तो वेगळा. हिला डाग द्यायच्या आधी काय होत होतं? एक पाय का दोन्ही?"

"दोनी," मी म्हणाले.

"संध्याकाळी?"

"व्हय."

"हिच्या वयाच्या पुष्कळ पोरांचं असं दुखतं. दोन्ही पाय, दिवस मावळल्यावर. का दुखतं ते आम्हालासुद्धा नीट माहीत नाही. सकाळी काही नसतं. वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, काही करायला लागत नाही." मग त्यांनी मला विचारलं, "सकाळी दुखायचं का गं तुझं?"

आजीनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांचं बोलणं तिला कळायला लागलं होतं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं आणि आतला एकुलता एक दात दिसत होता. आबाही खिडकीतून वळले.

"व्हय," मी म्हणाले. "सकाळीबी दुखायचं."

डॉक्टर म्हणाले, "मग मला सांगता येणार नाही. आधीपासून आत काही असेलही." आणि ते उठून पुढच्या खाटेकडं गेले.

मी तसं का म्हणाले? थोडी आबांची भीती होती. थोडं आजीचं तोंड बघवलं नाही. दोन्हीतलं जास्त काय होतं ते मी आजवर ठरवू शकले नाही. आजीनं मात्र त्या दिवशी महिन्यात पहिल्यांदा पोटभर खाल्लं. गाडीत बसल्यावर आबांना म्हणाली, "पाय गेला खरा, पर पोर राहिली. राहीच्या हातातनं सोडवून आनली म्या."

पाऊस त्या वर्षी झाला. आबा सुट्टी संपवून गेले, जाताना मला शिवणाचं यंत्र घेऊन देऊन गेले. डाव्या पायानं चालवायला शिकले. उजवा पाय यंत्राच्या बाजूला सरळ पसरून बसायचं, येणारा-जाणारा ओलांडून जायचा. दोन वर्षांत मला बघायला दोन ठिकाणांहून लोक आले, चहा घेऊन गेले. आई आजीशी कामापुरतं बोलायची.

आणि आजीचं नाव झालं. साळूबाईनं नात मरणातनं ओढली, हे ती स्वतःच सांगायची, आडावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात. माझ्यासमोर सांगायची. मी मान खाली घालून काजं करायची. कुणाच्या पोराचे पाय दुखले की लोक आता तिच्याकडं आणायला लागले. ती पोराचे गुडघे चाचपायची आणि एकच प्रश्न विचारायची. सकाळी दुखत नाही म्हणालं की तेल लावून परत पाठवायची. दोघांनी दुखतं म्हणून सांगितलं, त्यांना तिनं डाग दिले. त्यांचे पाय दुखायचे थांबले. ते थांबणारच होते. डागाचे वळ तेवढे राहिले. मी दोन्ही वेळा घरात होते आणि दोन्ही वेळा गप्प बसले, हे मला सांगायलाच पाहिजे.

पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत शाळू काढायला आला होता. दुष्काळानंतर पहिल्यांदाच असा शाळू झालेला, उपटून उपटून लोकांच्या हातांची सालं गेली. एका सकाळी बनाबाई आपल्या नातीला घेऊन आली. येसू, तेरा वर्षांची, अंगानं नुसती काडी. झग्याखाली लांब लांब पाय.

"आठ दीस झालं, पाय पाय करतीया," बनाबाई म्हणाली. "रानात लय काम पडलंया आन ही आशी. बग तरी एकडाव साळूकाकी."

आजीनं येसूला समोर बसवलं. गुडघे दाबले, एक, मग दुसरा.

"सांजंला दुखतंय?"

"व्हय."

"आन सकाळी? सकाळी उठल्यावर दुखतंय का गं?"

येसूनं आपल्या तळहातांकडं बघितलं. दोन्ही तळहात फोडांनी भरलेले, एक फुटून चिकटला होता. मग तिनं चोरून बनाबाईकडं बघितलं आणि मग उंबऱ्याबाहेर, रानाच्या वाटेकडं.

"व्हय," ती म्हणाली.

तो 'व्हय' मी ओळखला. माझ्या हातात सदऱ्याची बाही होती, सुई त्यातच राहिली. आजी खुंटीकडं गेली. डागणी चुलीत घातली आणि फुंकर मारायला लागली. बनाबाईनं नातीच्या खांद्यांवर हात ठेवले. येसूला अजून काही कळलं नव्हतं. तिच्या तोंडावर, आजचा दिवस सुटला, एवढंच होतं.

"आज्जे," मी म्हणाले, "माजं सकाळी दुखत नव्हतं."

आजीनं फुंकणी खाली ठेवली नाही. "काय म्हनलीस?"

"त्या दिशी मला कामावर जायाचं नव्हतं. दादासोनं माजा ढीग उधळला हुता. म्हनून म्या म्हनली दुखतंय म्हनून. सकाळी मला कवाच दुखलं न्हाई."

"दवाखान्यात तूच म्हनलीस की. डाक्टरफुडं म्हनलीस."

"तितंबी खोटंच."

बनाबाईनं येसूचे खांदे सोडले. मग तिचं मनगट पकडलं आणि तिला उठवून ओढतच बाहेर नेलं. पोरगी मागं वळून माझ्या पायाकडं बघत गेली. अंगणात बनाबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातलेला ऐकू आला. मग त्या दोघी रानाच्या वाटेला लागल्या.

आजी चुलीपुढं बसून होती. डागणीचं टोक लाल झालं होतं. तिनं ती ओढून काढली, बादलीत बुडवली आणि पाण्याचा आवाज थांबेपर्यंत तशीच धरून राहिली. मग सरकत सरकत माझ्याजवळ आली. मला वाटलं मारेल. तिनं मारलं असतं तर मला चाललं असतं. तिनं माझ्या सरळ पडलेल्या पायाकडं बघितलं, हात लावला नाही.

"राही खरं सांगत हुती," ती म्हणाली. "तिचं म्या ऐकलं न्हाई. मग तुजं ऐकलं."

शाळूच्या रानातून लोकांचे आवाज येत होते.

"मग म्या कुनाचं ऐकायचं हुतं गं?" आजीनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारत होती, मला ठाऊक असेल असं धरून. मी उत्तर द्यावं म्हणून ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

त्यानंतर ती सात वर्षं जगली. हिवाळ्यात सांधा आखडला की माझा गुडघा खरोखर ठणकायचा, पहाटे जास्त. मी ओठ दाबून धरायची तरी कण्हणं सुटायचंच. आजी माझ्या शेजारीच निजायची आणि जागी असायची, तिच्या श्वासावरून मला कळायचं. ती वाकळ डोक्यावरून ओढून घ्यायची आणि दोन्ही कानांवर हात ठेवून पडून राहायची.